मोगरीची चोच

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळी आमच्या ध्यानात आले, की आमची मोगरी कण्यांवर नुसतीच चोच आपटते आहे. टोचे पुष्कळ, परंतु पोटात जाणारे दाणे थोडे. ओटीवर बसून आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तिची वरची चोच खालच्या चोचीपुढे करंगळीच्या नखाएवढी वाढून आकड्यासारखी वाकली होती. दाणा चिमटीत धरायची ती दोन टोके एकमेकांना भेटतच नव्हती. उचलून घेतली, तर छातीचे हाड हाताला टोचले. पंखही मळलेले, विस्कटलेले. चोचीनेच कोंबडी आपली पिसे विंचरते आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचे तेल त्यांना लावते. ते काम थांबल्यामुळे पिसांत उवा झाल्या होत्या.

मोगरी ही गावठी जातीची, पांढरीशुभ्र कोंबडी. वय सहा वर्षांचे. अंडी देणे तिने केव्हाच कमी केले आहे. ती पिलू असताना आमच्या नातीने तिला फ्रॉकच्या खिशात घालून वाढविले, म्हणूनच आजवर सुरीपासून तिला अभय मिळाले. शेजारचे एक वडीलधारे स्नेही सहज म्हणाले, "नाताळपर्यंत कशाला थांबता? येत्या रविवारीच रस्सा करा." त्यांच्या म्हणण्यात दुष्टावा नव्हता, आमच्या गावात कोंबडीचा हिशेब तसाच मांडला जातो. पण नात त्या दुपारी जेवली नाही.

चोच म्हणजे आत हाड आणि त्यावर आपल्या नखांच्याच जातीच्या द्रव्याचे, केराटिनचे, कवच. हे कवच जन्मभर वाढत राहते आणि माती उकरताना, खडे टोचताना, खाल्ल्यानंतर चोच जमिनीवर पुसताना झिजतही राहते. आमच्या लहानपणी बावखलाच्या काठी, केळीच्या आळ्यांत आणि उकिरड्यावर दिवसभर हिंडणाऱ्या कोंबडीची चोच वाढलेली आम्ही कधी पाहिली नाही. मोगरीचे मात्र निराळे झाले. दोन वर्षांपूर्वी वाडीचा रस्त्याकडचा तुकडा आम्ही विकला. तेथे इमारत उभी राहिली, वाहने आली, भटकी कुत्री आली, आणि मोगरीच्या जिवाच्या काळजीने आम्ही तिला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. खाली मऊ तूस, पुढ्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवलेले खाद्य. चोच झिजणार तरी कशावर? हरित वसईच्या मोर्चात घोषणा दिलेल्या घशातून ही कबुली सहज बाहेर पडत नाही, एवढेच येथे नमूद करतो.

गुरांच्या डॉक्टरांना आम्ही दूरध्वनी केला. ते म्हणाले, की वरची चोच खालचीपेक्षा किंचित पुढे असणे हे स्वाभाविकच आहे, तेवढी ठेवावी. पिलूपणापासून दोन्ही चोची कात्रीसारख्या तिरक्या असतील, किंवा चोच अचानक वाढून पक्षी मलूलही झाला असेल, तर घरी हात न लावता पशुवैद्याकडे न्यावे. आमच्यासारख्यांना परळचे बैलघोडा इस्पितळ आहेच. केवळ टोक वाढले असेल, तर ते घरी काढता येते. मात्र घाई करू नये.

"पोल्ट्रीत तर तापल्या पात्याने हजारो चोची छाटतात," आमचे चिरंजीव म्हणाले. खरे आहे, परंतु ती गोष्ट वेगळी. दाटीत ठेवलेल्या कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून तेथे पिलाच्या चोचीचा जिवंत, संवेदना असलेला भागही कापला जातो. नॉर्वेने १९७४ सालीच या प्रथेला बंदी घातली. आम्हांला काढायचे होते ते मेलेले टोक, नखाच्या पांढऱ्या कडेसारखे. मेलेले कोठे संपते आणि जिवंत कोठे सुरू होते, हे ओळखण्यातच सारे कौशल्य आहे.

अंधार पडल्यावर कोंबडी शांत होते, म्हणून रात्रीची वेळ धरली. सौ.नी मोगरीला जुन्या टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळून मांडीवर घेतले, पण सैल. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले तरच तिला श्वास घेता येतो, त्यामुळे घट्ट आवळली तर ती गुदमरते. चोचीच्या मुळाशी असलेल्या नाकपुड्यांवरही बोट येता कामा नये. नातीने विजेरी धरली. प्रकाश चोचीमागून पाडला, की फिकट कवचात रक्ताचा गुलाबी भाग संपल्याची रेषा दिसते. चोच उघडून खालून पाहिले तर अधिकच स्पष्ट. काळ्या चोचीत ती दिसत नाही, तेथे कातरण्याच्या भरीस न पडता नुसते घासावे.

कुत्र्याची नखे कापण्याच्या कातरीने आम्ही तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा तुकडा काढला. मग कडा पॉलिश पेपरने घासली. येथेच थांबायचे होते. पण काम सोपे वाटू लागले आणि आम्ही आणखी एकदा कातर लावली. मोगरीने मान झटकली, आणि टोकावर रक्ताचा थेंब आला.

नातीच्या हातातील विजेरी थरथरू लागली. सौ. एक शब्दही बोलल्या नाहीत. तो बोलण्यापेक्षा कठीण गेला. स्वच्छ फडक्यावर कॉर्नफ्लोअर घेऊन ते आम्ही टोकाशी दाबून धरले. दोन-तीन मिनिटांत रक्त थांबले. ती रात्र तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे ठेवले, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या तेथेच टोचतात. पुढे चार दिवस मऊ भात. पाचव्या दिवशी ती पुन्हा हातावर आली. आम्हांला मात्र तिच्याजवळ जाण्याचा धीर होईना.

उरलेली वाढ आम्ही तीन आठवड्यांत, दर रविवारी थोडी थोडी, केवळ घासून उतरविली. थोडे काढून थांबले, की आतील रक्ताचा भागही मागे सरकतो, हे डॉक्टरांचे सांगणे आता पटले. उवांसाठी तिला कोरड्या मातीत आणि राखेत लोळायला सोडले.

प्लॅस्टिकचे भांडे गेले आहे. जुन्या विहिरीच्या कठड्याचा एक खरबरीत दगड परसात पडून होता, त्यावर आता कण्या आणि शिंपल्यांचा चुरा टाकतो. चिरंजीवांनी मागील आठ हात जागेला जाळी मारून दिली. तेवढीच माती शिल्लक होती. पहाटे मिस्साला निघताना दगडावर टकटक ऐकू येते. शेजारचे स्नेही परवा कुंपणाशी उभे राहून बराच वेळ पाहत होते. त्यांच्या कोंबड्याच्या नख्या वाढल्या आहेत, कातर मिळेल का, असे त्यांनी विचारले.