शरीरशास्त्राचा अभ्यास आणि आमची एक चूक

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची एक माजी विद्यार्थिनी वडिलांसह आमच्या घरीं आली. शालान्त परीक्षेस विज्ञानांत वर्गांत पहिली आलेली ही मुलगी मुंबईस परिचारिकेचें शिक्षण घेत होती, आणि पहिल्याच चाचणींत शरीररचना व शरीरक्रिया ह्या विषयांत नापास झाली होती. ह्या शिक्षणासाठीं आमच्या वसईंतून पुष्कळ मुली जातात. त्यांतली एखादी परत आली तर लोक दोन दिवस बोलतात व विसरतात. परंतु तिनें पिशवींतून काढलेली वही पाहून आम्ही मनांत चरकलों. पानामागून पान, सुवाच्य अक्षरांत, पुस्तकांतून जसेंच्या तसें उतरून काढलेलें! हा अभ्यास तिला आम्हींच शिकविला होता. हृदयाची व्याख्या एक शब्द न चुकतां म्हटल्याबद्दल भर वर्गांत आम्हीं तिची पाठ थोपटली होती.

“सर, मी रोज चार तास वाचतें. वाचतांना सगळें कळतें, पण पेपर समोर आला कीं कांहीं आठवत नाहीं. सोडून देऊं का?”

वडील वाडीवाले, भाजी आणि केळी पिकविणारे. ते कांहीं बोलले नाहींत. फीसाठीं तिच्या आईच्या बांगड्या गेल्या होत्या हें आम्हांस ठाऊक होतें.

आम्हीं तिला पुस्तक मिटावयास सांगून कोरा कागद पुढें ठेविला. हृदयाचे चार कप्पे, झडपा, आणि रक्त कोठून येतें व कोठें जातें एवढेंच दाखव, असें सांगितलें. अर्ध्या तासानें कागदावर बदामाची एक आकृति व पांचसहा खोडलेले बाण होते. पान ओळखीचें वाटणें ह्यालाच बिचारी कळणें समजत होती. स्टेशनावर रोज दिसणाऱ्या माणसाचें नांव कोणी विचारलें तर आपली जी गत होते, तीच तिची परीक्षेंत झाली होती.

रोडिगर व कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्हीं तिला सांगितला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुनःपुन्हां वाचला. दुसऱ्यांनीं तो वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे सरस ठरले. आठवड्यानें घेतली तेव्हां लिहून काढणारे बरेच पुढें होते. सारी फसगत त्या पहिल्या पांच मिनिटांत आहे. (हा प्रयोग आम्ही स्वतः शिक्षक झाल्यावर कित्येक वर्षांनीं वाचला, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.)

दुसऱ्या दिवशीं तिला वडिलांनाच धडा शिकवावयास सांगितलें. ती म्हणाली, “बाबा, हृदय म्हणजे आपला पंप, आणि धमन्या म्हणजे वाडीतले पाट.”

“बरं बाय. मग रक्त मुरतं कुठं? पाटाचं पाणी केळींत मुरतं, विहिरींत परत येत नाही.”

मुलगी गप्प झाली. आम्हांस मात्र मोठी मौज वाटली. कारण ग्रीक वैद्य गेलन ह्याचेंही मत असेंच होतें. रक्त यकृतांत तयार होतें व अवयवांत मुरून संपतें, असें तो मानी, आणि सुमारें चौदाशें वर्षें जगानें तें मानलें. १६२८ सालीं विल्यम हार्वे ह्यानें साधा हिशेब मांडून तें मोडलें. आज आपणांस ठाऊक असलेले आंकडे घेऊन तोच हिशेब आम्हीं मुलीला करावयास लाविला. ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर, मिनिटास सुमारें ७० ठोके. म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर आणि तासास ३०० लिटर. साऱ्या शरीरांत रक्त मात्र सुमारें ५ लिटर!

“म्हणजे तेंच तेंच फिरतं,” वडील म्हणाले. आणि थोडें थांबून, “मग पायांतलं वर चढतांना मागं कसं पडत नाही? आंत फूटव्हॉल्व्ह असणार.”

नीलांतील झडपांचें कार्य ह्याहून नीट सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. मुलीनें त्याच क्षणीं वही उघडून चित्र काढलें; ह्या वेळीं बाण खोडावा लागला नाहीं.

मराठींतून शिकलेल्या तिला नांवांचेंही भय होतें. त्यास आमचा उपाय एकच, नांवाचा अर्थ विचारावा. लॅटिनमध्यें टिबिया म्हणजे बांसरी, पटेला म्हणजे लहानशी थाळी, क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. आनंदीबाई जोशी परक्या देशांत, परक्या भाषेंत हेंच शास्त्र शिकून १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, हें आम्हीं तिला सांगितलें खरें; पण आनंदीबाईंपेक्षां त्या बांसरीनें तिला अधिक धीर आला असावा.

सुटी संपली. विरार लोकलच्या गर्दींत पुस्तक उघडतां येत नाहीं. तेव्हां कडी धरलेल्या हाताचीं २७ हाडें ती मनांत मोजीत जाई. काल काढलेलें चित्र आज, मग तीन दिवसांनीं, मग आठवड्यानें, न पाहतां पुन्हां काढी. वार्षिक परीक्षेंत शरीररचनेंत ती वर्गांत दुसरी आली. शरीरक्रियेंत गुण तितके पडले नाहींत. दोन्ही मूत्रपिंडें दिवसास सुमारें १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतील बहुतेक सारा परत घेतात, त्या “परत घेण्याच्या” प्रश्नावर ती अडली.

मे महिन्यांत ती सुकेळीं घेऊन आली. पुडकें टेबलावर ठेवून तिनें आमच्यापुढें एक कोरा कागद सारला. “सर, आतां तुम्ही. मनगटाचीं आठ हाडें.”

आम्हांस पांच आठवलीं.