सात छोटे भोंगे, एक लांब

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या प्रवाशाला दोनच गोष्टी हव्या असतात: खोली आणि जेवणाची वेळ. नेपियर टाउनहून निघालेला आमचा गोतावळाही त्याला अपवाद नव्हता. जबलपूरहून गरीब रथने मुंबई, मग बॅलार्ड पियरचं टर्मिनल, सामानाची तपासणी, चेक-इनची रांग. एवढं सोसून गोव्याच्या क्रूझवर चढलेल्या माणसाला कुणी ‘सेफ्टी ड्रिलला चला’ म्हटलं, की कपाळाला आठी पडणारच.

भोंगा वाजला. सात छोटे, एक लांब. जगभरच्या जहाजांवर धोक्याची हीच खूण असते. आमच्या मजल्यावर मात्र त्याचे अर्थ वेगवेगळे लागले. वहिनींना वाटलं, बोट सुटली. भाच्याने व्हिडिओ काढायला फोन वर केला. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने दार आतून लावून घेतलं आणि कर्मचाऱ्याने ठोठावल्यावर ‘बाळ झोपलंय’ असं सांगितलं. चहाचे कप घेऊन लिफ्टसमोर उभे राहिलेलेही होतेच, आणि अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते हेच तर घोषणेत सांगत होते.

उठले ते एकटे काका. त्यांची नोकरी खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झालेली. दारूगोळ्याच्या कारखान्यात भोंगा झाला की काम टाकून बाहेर पडायचं, कारण नंतर विचारायचं, हे अंगात मुरलेलं. ‘अहो, चहा तरी संपवा,’ काकू म्हणाल्या. ते जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा होते. मग नाइलाजाने आम्हीही निघालो.

खोलीच्या कार्डावर मस्टर स्टेशन छापलेलं असतं. बोट सोडायची वेळ आली तर जमायची ती जागा. तिथे कार्ड स्कॅन होतं, म्हणजे कोण आलं आणि कोण राहिलं ते जहाजाला कळतं. आमच्या ठिकाणी रत्नागिरीकडचा एक तरुण कर्मचारी लाइफ जॅकेट घालून दाखवत होता. मराठी ऐकून तो खुलला. ‘काका, पट्टा कंबरेशी आवळा, सैल ठेवू नका. पाण्यात उतरताना दोन्ही हातांनी जॅकेट खाली दाबून धरायचं, नाहीतर ते वर येऊन हनुवटीवर आदळतं.’ जॅकेटला शिट्टी असते आणि समुद्राच्या पाण्याने आपोआप पेटणारा छोटा दिवाही असतो. काकांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मागे कुणीतरी त्यांचा फोटो काढून हसत होतं.

हसणाऱ्यांचाही पूर्ण दोष नाही. क्रूझ हे लॉज वाटावं असंच सजवलेलं असतं. गालिचे, झुंबरं, स्विमिंग पूल; समुद्र दिसतो तो खिडकीत. शिवाय आपली पाण्याची सवय भेडाघाटची. पंचवटी घाटावरून नाव संगमरवरी कड्यांमध्ये शिरते, नावाडी यमक जुळवत गमतीजमती सांगतो आणि जॅकेट अंगात घालायचं सोडून मांडीवर पडून राहतं. समोरच्या काठावर माणसं दिसत असतात, त्यामुळे भीती वाटत नाही.

मुंबईच्या बंदरातही किनारा दिसतोच. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा जीव गेला. बोटीवर १०० हून अधिक माणसं होती आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांना जॅकेट घालणं सक्तीचं झालं.

मोठ्या जहाजांचे नियमही असेच, माणसं गेल्यावर बदललेले आहेत. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. बोटीवर चढल्यापासून २४ तासांत ती घेतली तरी चालत असे, म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवली होती. वीज गेली, जहाज कललं, एका बाजूच्या बचावनौका खाली सोडणं अवघड झालं. ३२ जण दगावले. त्यांत मुंबईचा ३३ वर्षांचा वेटर रसेल रेबेलो होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्या जहाजाच्या सांगाड्यात सापडले. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे.

कोविडनंतर अनेक कंपन्यांनी सगळ्यांना एकत्र जमवणं बंद केलं. माहिती टीव्हीवर किंवा फोनवर बघायची आणि ठरलेल्या वेळात मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. गर्दी टळली हे चांगलं झालं. पण आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवायचा आणि बॅग उघडायची, ही पळवाटही त्याबरोबर आली.

मस्टर स्टेशनवरून परतताना काकांनी जिन्याची वळणं मोजत सगळ्यांना खोलीपर्यंत चालवत आणलं. दोन्ही बाजूंचे कॉरिडॉर इतके सारखे होते, की गालिच्याच्या रंगावरून काही कळेना. दिवे चालू असतानाही भाचा एकदा उलट्या दिशेला वळला. त्यानंतर थट्टा थोडी कमी झाली.

तेव्हा क्रूझचं तिकीट काढलेल्या मंडळींना एवढंच सांगणं: ड्रिलला जा, आणि नुसतं कार्ड स्कॅन करून परतू नका. खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने चालून या. जॅकेट स्वतःच्या हातांनी बांधून बघा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या मापाचं जॅकेट पहिल्याच संध्याकाळी मागून घ्या. मोठ्यांचं त्यांना चालत नाही. या सगळ्याला अर्धा तासही लागत नाही, आणि जेवणाची वेळ त्यानंतरचीच असते.