शिट्टी वेळेवर वाजली पाहिजे

आमच्या मोठ्या चाचांनी सत्तरी ओलांडली आहे. तरुणपणी ते तालमीच्या संघातून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळले. त्यामुळे फुटबॉलवर शेवटचा शब्द आपलाच, असे ते मानतात आणि आम्हीही मानतो. शनिवारी मगरिबनंतर ते आमच्याकडे येतात. मुलांनी इंग्लंडमधला कुठला तरी सामना लावलेला असतो. चहाचा कप हातात येईपर्यंत एखादा खेळाडू पडतो, शिट्टी वाजते, पंचांचा हात खिशाकडे जातो आणि चाचांचे ठरलेले वाक्य येते, "हा काय फुटबॉल झाला? वारा लागला तरी फाऊल! आमच्या वेळी रक्त निघाल्याशिवाय पंच वळून बघत नव्हता."

मुले हसतात. त्यांची अम्मी स्वयंपाकघरातून विचारते, "मग बरं होतं का ते?" चाचा उत्तर देत नाहीत. पूर्वी आम्हीही हसायचो. आता हसू येत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी चाचांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. पायातला चेंडू काढून घेणे ही कला आहे. कॉलेजात असताना आम्ही बॅकला खेळायचो. पावसाळ्यातले मैदान, घोट्यापर्यंत चिखल आणि समोरून सुसाट येणारा विंगर. त्याची पावले मोजायची, चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटला की त्या क्षणी घसरत जायचे, चेंडू बाजूला काढायचा आणि तो सावरण्याआधी उभे राहायचे. गोल करणाऱ्यांना जो आनंद मिळत असेल तोच आम्हाला त्यात मिळायचा. असे टॅकल हल्ली कमी दिसते. कार्डाच्या भीतीने बॅक उभ्या उभ्याच अडवतात. चाचांना वाटते, त्यांच्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट कोणीतरी काढून घेतली.

पण हे नियम कडक का झाले, हे पाहिले की बोलणे थोडे सावध होते. १९६६ च्या विश्वचषकात बल्गेरियाने आणि मग पोर्तुगालने पेलेला अक्षरशः लाथाडले. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. जगातला सर्वांत मोठा खेळाडू पोर्तुगालविरुद्ध एका पायावर लंगडत मैदानात राहिला, ब्राझील १-३ ने हरले आणि पेलेला पाडणारा शेवटपर्यंत खेळला. आता पुन्हा विश्वचषक खेळणार नाही, असे पेले तेव्हा म्हणाला होता.

त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात अर्जेंटिनाच्या कर्णधाराला पंचांनी बाहेर काढले. पंच जर्मन, खेळाडू स्पॅनिश बोलणारा. एकाचे दुसऱ्याला कळेना आणि कर्णधार मैदान सोडेना. त्या स्पर्धेच्या पंचांची जबाबदारी केन ॲस्टन या इंग्रज गृहस्थांवर होती. गाडी चालवताना रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे पाहून त्यांना युक्ती सुचली की पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. भाषा कोणतीही असो, रंग सर्वांना कळतो. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ही कार्डे आली, बदली खेळाडूही आले. पेले परतला आणि ब्राझीलने चषक जिंकला.

तरी पाय मोडणे थांबले नाही. १९८३ मध्ये बार्सिलोनाकडून खेळणाऱ्या मॅराडोनाचा घोटा मागून आलेल्या एका टॅकलने मोडला. हॉलंडचा मार्को व्हॅन बास्टन घोट्याच्या दुखण्यापायी अठ्ठाविसाव्या वर्षी शेवटचा सामना खेळला. त्यानंतर १९९८ च्या विश्वचषकाआधी फिफाने ठरवले, की मागून येऊन समोरच्याला धोक्यात घालणाऱ्या टॅकलला थेट लाल कार्ड.

आजचा नियम शाळेतल्या मुलालाही समजावा इतका सोपा आहे. निष्काळजीपणे पाय लागला तर नुसता फाऊल. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता पाय घातला तर पिवळे कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावून त्याला धोक्यात टाकले तर लाल. "सर, मी आधी बॉलला लागलो होतो" ही आपल्या मुलांची आवडती सबब. चेंडू मिळाला म्हणून पुढचा पाय मोडण्याची सूट नियम देत नाही. मात्र खांद्याला खांदा भिडवायला आजही मनाई नाही. चेंडूसाठी अंग लावणे हा खेळाचाच भाग आहे.

आता त्या रात्रीबद्दल. २०१८ चा रमजान होता. चॅम्पियन्स लीगची फायनल कीव्हमध्ये, लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद. आपल्याकडे सामना रात्री सव्वाबाराला सुरू होणार होता. तरावीह आटोपून मुले जागीच राहिली. सहरीपर्यंत आता झोपायचे नाही, असा ठराव झाला. मोहम्मद सलाह त्या हंगामात लिव्हरपूलकडून ४४ गोल करून बसला होता आणि गोल केल्यावर सजद्यात जाणारा तो खेळाडू आमच्या धाकट्याच्या दप्तरावर, वहीवर, कपाटाच्या दारावर सगळीकडे होता. चाचाही आले होते.

अर्धा तास व्हायच्या आत रिअलच्या सर्जिओ रामोसचा आणि सलाहचा हात एकमेकांत अडकला, दोघे पडले आणि सलाह खांद्यावर आपटला. तो थोडा वेळ खेळला, मग बसला, मग रडत बाहेर गेला. पंचांनी साधा फाऊलही दिला नाही. आमचा धाकटा हमसून रडू लागला. आणि आमच्या घरात सगळ्यात मोठ्याने कोण ओरडले? चाचा! "लाल कार्ड द्या त्याला! पंच आंधळा आहे काय?" आम्हीही मागे नव्हतो. पंचाला काय काय बोललो, ते रमजानच्या रात्री बोलायला नको होते.

लिव्हरपूल १-३ ने हरले. इजिप्त २८ वर्षांनी विश्वचषकात पोहोचला होता. १५ जूनला, सलाहच्या वाढदिवशीच, उरुग्वेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो बाकावर बसून राहिला आणि इजिप्त शेवटच्या मिनिटांत हरला. पुढच्या दोन सामन्यांत त्याने गोल केले, पण तोवर उशीर झाला होता.

रामोसने ते मुद्दाम केले का, यावर आजही वाद होतो. आम्ही त्यात पडत नाही. आम्हाला त्या रात्री आमच्याच घरातली एक गोष्ट दिसली. पंच कडक आहेत की ढिले, हे आपण कोणाचा खेळाडू पडला यावरून ठरवतो. दुसऱ्याचा पडला तर "नाटक करतोय", आपला पडला तर "लाल कार्ड द्या". २० वर्षांपूर्वीही हेच झाले होते. १९९८ मध्ये झिदानने पडलेल्या सौदी खेळाडूवर बूट रोवला आणि त्याला लाल कार्ड मिळाले. तेव्हा आम्हा मित्रांमध्ये झिदानचे चाहते पंचाला नावे ठेवत होते. कार्ड योग्यच होते. दोन सामन्यांची बंदी भोगून तो परतला आणि फायनलमध्ये त्यानेच डोक्याने दोन गोल केले. शिक्षेने त्याचे काही बिघडले नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हसू येत नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आंतरवर्गीय सामने होते. क्रीडाशिक्षक रजेवर, म्हणून शिट्टी आमच्या गळ्यात आली. आम्ही खेळलेलो आहोत, याचा थोडा तोराही होता. नववी विरुद्ध दहावी. नववीचा उजवा विंगर लहानखुरा, पण चपळ. दहावीचा बॅक अंगाने थोराड. दहाव्या मिनिटाला त्याने उशिरा पाय घातला. विंगर पडला, उठला, नडगी चोळत आमच्याकडे बघू लागला. आम्ही हात हलवून म्हणालो, "खेळा, खेळा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. आम्ही पुन्हा तेच म्हणालो. मनात चाचांचे वाक्य होते, वारा लागला तरी शिट्टी मारणारा पंच आपण व्हायचे नाही. मैदानाच्या कडेला मोठी माणसे टाळ्या पिटत होती, "घाल रे, सोडू नको!"

तिसऱ्या वेळी आवाज आला. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना सांगायला नको. नडगीचे हाड मोडले होते. शिट्टी तेव्हा वाजली.

त्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात. दवाखान्यात आले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्हाला एवढेच विचारले, "सर, तुम्ही होता ना तिथं?" त्यात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते. आम्ही "हो" म्हणालो आणि पुढे काही बोलता आले नाही. मुलाचा पाय प्लास्टरात राहिला, सहामाहीनंतरचा अभ्यास बुडाला. आज तो नीट चालतो, पण मैदानावर पुन्हा उतरला नाही.

आणि तो दुसरा मुलगा? आठवडाभर शाळेत आला नाही. आला तेव्हा स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. आम्हाला वाटले, माफी मागायला आला. तो म्हणाला, "सर, पहिल्यांदाच तुम्ही शिट्टी मारली असती तर मी थांबलो असतो."

सलाहच्या खांद्यासाठी पंचाला आंधळा म्हणणारे आम्ही, त्या दिवशी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत होतो. पहिल्या टॅकलला आम्ही जी दया दाखवली, तिची किंमत दोन मुलांनी भरली. शिट्टी ही अमानत असते, हे आम्हाला वयाच्या चाळिशीत कळले.

म्हणून पंच फार कडक झाले आहेत का, या प्रश्नाला आमचे उत्तर आहे: टॅकलच्या बाबतीत नाही. जिथे चाचांची तक्रार खरी आहे, ती जागा वेगळी आहे. एक म्हणजे पडद्यावरचे संथ चित्र. २०१८ पासून विश्वचषकात व्हीएआर आले. एखादे टॅकल संथ गतीने दाखवले की साधा पाय लागलेलाही भयंकर दिसतो. व्हीएआरचे नियमही सांगतात, की पाय कुठे लागला हे पाहण्यासाठी संथ चित्र वापरा, पण जोर किती होता हे नेहमीच्या वेगातच बघा. हे कटाक्षाने पाळले गेले तर अर्धे वाद मिटतील. दुसरी गोष्ट नाटक. स्पर्श न होता लोळणाऱ्याला पिवळे कार्ड द्यायचा नियम आहे, पण ते क्वचितच निघते. ही ढिलाई प्रामाणिक बॅकवर अन्याय करते आणि खरोखर लागलेल्या मुलावरही, कारण मग त्याच्या कळवळण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि किरकोळ स्पर्शाला शिट्टी नको, हे तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही मानले. २०२१-२२ च्या हंगामात त्यांनी पंचांना खेळ वाहता ठेवायला सांगितले होते. तेवढे चाचांचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचले म्हणायचे!

मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या आईबापांना आमची एकच विनंती आहे. कडेला उभे राहून "घाल रे" असे ओरडू नका. ज्याच्या पायावर ते घालायला तुम्ही सांगता, त्याचेही आईबाप तिथेच कुठेतरी उभे असतात. आपल्या मुलाला चेंडू काढायला शिकवा, वेळ साधायला शिकवा. ते शिकायला वेळ लागतो. पाय घालायला काहीच लागत नाही.

हल्ली सामना सुरू होण्याआधी आम्ही दोन्ही संघांना मधल्या वर्तुळात बोलावतो. खांद्याला खांदा लावा, पळा, भिडा, पण पहिला उशिरा आलेला पाय शिट्टीविना जाणार नाही, असे सांगतो आणि तसेच करतो. मुले कुजबुजतात, "सर लई कडक हाईत." परवा हे चाचांना सांगितले. त्यांनी चहा संपवला, पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला आणि डाव्या नडगीवरची जुनी, वाकडी खूण दाखवली. इतक्या वर्षांत ती आम्ही कधी पाहिली नव्हती. "त्या पंचानंपण शिट्टी मारली नव्हती," म्हणाले, आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.