गाडीच्या पोटातली चूल

माझे आजोबा कोळशावर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट मोठ्या रंगात येऊन सांगत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि कितीतरी प्रवासी मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्ट्या आल्या. आत लोणारी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, पुरेसा वायू तयार झाला की इंजिन खोकत-खाकरत सुरू व्हायचे. चढ लागला की उतारूंनी मुकाट्याने खाली उतरायचे! शहापूर-मुरबाडच्या रानात कातकऱ्यांच्या भट्ट्या धुमसतच असत. त्यामुळे आमच्या मुलखात मोटार कधी उपाशी राहिली नाही, असे आजोबा म्हणत. त्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गाडीला स्वस्तातले अन्न चारण्याची आपली हौस अशी जुनी आहे. पण गेल्या दिवाळीच्या आधी ही हौस माझ्या दारात आली, तेव्हा मला तिचे कौतुक वाटेना.

सापगावातून भातसेच्या पुलावरून शहापूरला मुले नेणारी एक जुनी व्हॅन आहे. माझी धाकटी त्यातूनच शाळेला जाते. एके संध्याकाळी तिच्या दप्तराला गॅसचा वास आला. दुसऱ्या दिवशी मी व्हॅनचे मागचे आसन उचलून पाहिले. गोणपाटाखाली स्वयंपाकाचा लाल सिलिंडर आडवा निजला होता, आणि त्यावर रोज अकरा मुले बसत होती.

हा सिलिंडर ओट्याखाली उभा राहण्यासाठी जन्माला आलेला. उभा असला की तोंडाशी वायू येतो, आडवा केला की द्रव. शिवाय हा वायू हवेहून जड. गळला तर उडून न जाता मुलांच्या पायांशी साचून राहायचा. गाडीसाठी बनवलेली टाकी ऐंशी टक्के भरली की आपोआप भरणे थांबते, नळी तुटली तर झडप मिटते. म्हणून २००० साली सरकारने गाड्यांना हा वायू मोकळा केला तरी घरगुती सिलिंडरला मज्जाव कायम ठेवला.

"गुरुजी, पेट्रोलवर पोट भरत नाही हो," व्हॅनवाला म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या घरी तेव्हा चकल्या चुलीवर तळल्या जात होत्या. घरचे दोन्ही सिलिंडर व्हॅनच्या सेवेत होते.

"मग पोरीला मी एस.टी.ने पाठवतो. आणि बाकीच्या आईबापांनाही सांगतो."

"असं करू नका. चार दिवस द्या."

घरी बायको म्हणाली, "ऐन सणात गरिबाच्या पोटावर पाय देताय." मी गप्प राहिलो, पण मुलगी एस.टी.नेच गेली, आणि संध्याकाळी मी घरोघर जाऊन सांगूनही आलो. दोन घरांतून चहा मिळाला, एका घरातून चार शब्द.

व्हॅनवाल्याने दोन शेळ्या विकल्या आणि कल्याणला जाऊन सी.एन.जी.चा संच बसवून घेतला. मग सुरू झाली कागदांची पंगत. गाडीच्या त्या प्रकारासाठी संचाची चाचणी झाल्याचा दाखला हवा. अशा चाचण्या पुण्याची ए.आर.ए.आय. ही १९६६ सालची संस्था करते. सिलिंडरला नागपूरच्या स्फोटक खात्याची मान्यता हवी. बसवणारा अधिकृत हवा, आणि गाडीच्या पुस्तकात नव्या इंधनाची नोंद हवी. व्हॅनवाला वैतागला. "एका टाकीला एवढे बाप कशाला?"

सरकारी शिक्क्यांचे मला फारसे प्रेम नाही. पण या टाकीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे किलोचा दाब कोंडलेला असतो; तिला बाप थोडे जास्तच असलेले बरे, असे मी त्याला सांगितले. तपासणीच्या दिवशी मीही बरोबर गेलो. अधिकाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला, ओणवे होऊन टाकीवर कोरलेला एकेक आकडा वाचला आणि कागदाशी ताडून पाहिला. एक आकडा जुळेना, म्हणून आम्हांला परत पाठवले. परतताना व्हॅनवाला माझ्याशी बोलला नाही. बसवणाऱ्याने दाखल्यावर तीनाऐवजी आठ लिहिला होता. तो दुरुस्त होऊन पुस्तकात नोंद व्हायला भाऊबीज उलटली.

आता मुलगी पुन्हा व्हॅनने जाते. टाकीची पाण्याच्या दाबाखालची परीक्षा दर तीन वर्षांनी द्यावी लागते. तो विसरेल, म्हणून पुढची तारीख मी माझ्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.