शेवटची पाच मिनिटं

परवा पुण्याच्या घरचा सर्व्हर बंद पडला. हो, तोच, आजोबांचे स्कॅन केलेले फोटो ठेवलेला. "बाबा, प्लग काढलात ना?" मी फोनवर बोलून बसलो. "नाही रे," म्हणाले. मला काही पटलं नाही. त्यांच्याकडूनच तो पुन्हा सुरू करवला आणि रात्री लॉगिन केलं.

लॉगची फाइल करप्ट! सिस्टिमडीने तिच्या नावामागे टिल्ड लावून ती बाजूला ठेवली होती आणि नवी उघडली होती. (असली फाइल लगेच उडवावीशी वाटते. उडवू नका हो!) बायनरी असल्याने ती नुसती उघडून वाचता येत नाही. जर्नलसीटीएलला तिचं नाव दिलं, तर बरंचसं वाचता आलं.

नेमकी शेवटची मिनिटं गायब. साधे संदेश डिस्कवर पक्के करायला जर्नलडी पाच मिनिटांपर्यंत थांबतो. त्यामुळे प्लगचं काही कळलं नाही. पण आधीच्या दोन रात्री डिस्कच्या आय/ओ एररच्या ओळीच्या ओळी होत्या, आणि मी बघितल्याच नव्हत्या.

पहाटेपर्यंत फोटो कॉपी केले. मग बाबांना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "फोटो आहेत ना रे?"