गवंड्यांचे कॉलेज

“अभ्यास कर, नाहीतर जन्मभर गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहशील!”

हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मध्यमवर्गीय मराठी माणूस विरळाच. आमच्या वडिलांनी ते आम्हां तिघा भावांना ऐकवले. आम्ही तिघेही घाबरून शिकलो आणि तिघेही कचेऱ्यांतल्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. पुढे मी तेच वाक्य वडिलोपार्जित दागिन्यासारखे चिरंजीवांच्या स्वाधीन केले. तेही घाबरले, इंजिनियर झाले आणि घाबरण्याच्या भरात थेट अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यापर्यंत जाऊन पोहोचले.

अशा या चिरंजीवांनी २०२४ च्या मार्चमध्ये आम्हां उभयतांना मोटारीत बसवले आणि म्हणाले, “बाबा, आज तुम्हांला चार्ल्स्टनचे एक कॉलेज दाखवतो. तिथे गवंडीकाम शिकवतात. चार वर्षांनी पदवी मिळते.”

“कुणाला?” सौ.ने विचारले.

“बारावी झालेल्या मुलामुलींना.”

“आणि फी?”

चिरंजीवांनी आकडा सांगितला. सौ.ने मनातल्या मनात त्याचे रुपये केले असावेत, कारण नंतर बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

मी बोललो नाही. माझ्या बॅगेत एक कागद होता. वाईचा आमचा वाडा पाडून तिथे फ्लॅटची इमारत बांधायची असे दोघा धाकट्या भावांनी ठरवले होते. बिल्डरही ठरला होता. संमतिपत्रावर फक्त माझी सही राहिली होती आणि निघताना, “अण्णा, तिकडून सही करून पाठवून दे,” असे बजावून धाकट्याने तो कागद माझ्या हाती दिला होता.

चार्ल्स्टन हे गाव अमेरिकेच्या मानाने फार जुने, म्हणजे १६७० सालचे. ॲश्ली आणि कूपर या दोन नद्यांच्या बेचक्यात ते वसले आहे. गावकऱ्यांना आपल्या गावाचा अभिमान इतका की, या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांचाच अटलांटिक महासागर होतो, असे ते थट्टेने सांगतात. मुळामुठेच्या संगमाची हवा खाल्लेल्या माणसाला यात काहीच वावगे वाटले नाही.

घरेही मोठी गमतीची. जेमतेम एका खोलीएवढी अरुंद बाजू रस्त्याकडे आणि सगळा पसारा मागे अंगणाच्या कडेने लांबवर गेलेला. रस्त्यावरचे दार उघडले की आपण घरात जात नाही. बाजूच्या लांबलचक ओटीवर येतो. या ओटीला ते ‘पिआझा’ म्हणतात. समुद्राचा वारा ओटीवरून घरभर खेळावा म्हणून ही योजना. काही भिंतींवर लोखंडी चकत्या नि चांदण्या दिसतात. त्या शोभेच्या म्हणाव्यात, तर तसे नाही. ३१ ऑगस्ट १८८६ रोजी इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर लोकांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी गज आरपार घालून घरे आवळून धरली. या चकत्या म्हणजे त्या गजांची टोके.

असे हे गाव जपण्यासाठी १९३१ साली कायदा झाला. जुनी वस्ती राखण्यासाठी अमेरिकेत एखाद्या शहराने केलेला तो पहिला कायदा. त्यामुळे घरे राहिली. मात्र कायद्याने घर पाडता येत नाही एवढेच. घर दुरुस्त करणारा माणूस कायद्याने जन्माला येत नाही.

ते कळले १९८९ साली. त्या वर्षी २१ सप्टेंबरच्या रात्री ‘ह्यूगो’ नावाचे चक्रीवादळ चार्ल्स्टनवर कोसळले. छपरे उडाली, गिलावे गळून पडले, कोरीव छते जमिनीवर आली. सकाळी लोक कारागीर शोधायला निघाले, तर गावात पुरेसे कारागीरच नाहीत! चुन्याचा गिलावा करणारा, पाटीच्या दगडांचे छप्पर शाकारणारा, जुन्या धर्तीचे लोखंडकाम घडवणारा माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागला आणि त्याची वाट पाहत घरे पावसात भिजत राहिली.

त्या अद्दलीतून १९९९ मध्ये गावकऱ्यांनी एक शाळा काढली. आजचे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ द बिल्डिंग आर्ट्स’ ते हेच. कित्येक वर्षे ते गावच्या जुन्या तुरुंगात भरत होते. हा तुरुंग १८०२ सालचा, १९३९ पर्यंत कैद्यांनी भरलेला. शाळा तुरुंगासारखी वाटते असे आपण लहानपणी म्हणतो. या मुलांची खरोखरच तुरुंगात भरली. आता ते १८९७ साली बांधलेल्या ट्रामच्या जुन्या कोठारात आहे. कोठार उंच, ऐसपैस, भरपूर उजेडाचे. आत शिरताच लाकडाच्या भुशाचा, ओल्या चुन्याचा आणि तापल्या लोखंडाचा असा एकत्र वास आला की मला एकदम वाईच्या आळीत गेल्यासारखे झाले.

इथे शिकण्याच्या वाटा अनेक: सुतारकाम, घराचा लाकडी सांगाडा उभारण्याचे काम, दगडकाम, वीटकाम, गिलावा आणि लोहारकाम. त्यांतली एक धरायची. पण नुसता हातोडा मारून सुटका नाही. रेखन, गणित, वास्तुकलेचा इतिहास, इंग्रजी आणि धंद्याचा हिशेब हेही विषय आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत कुणातरी जाणत्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करायची. थोडक्यात, नकाशा वाचणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा आणि स्वतःच्या हाताने भिंत उभी करणारा असा माणूस तयार करायचा.

एका बाजूला दोन मुले तुळईला खाच पाडत होती. लाकडी हातोड्याच्या ठोक्याबरोबर पटाशीखालून पातळ कपचे निघत होते. एका तुळईची कूस दुसऱ्या तुळईच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकली की काम झाले; खिळा नाही, स्क्रू नाही. चिरंजीव भारावून पाहत होते. मला मात्र आमच्या वाड्याची ओसरी आठवली. तिच्या सुरूच्या खांबांवर कडेपाट अगदी असाच बसवला आहे. चिरंजीवांचे अर्धे बालपण त्या खांबांभोवती खांबखांबोळ्या खेळण्यात गेले. पण तो सांधा कसा बसतो हे मी त्यांना कधी दाखवले नव्हते, कारण ते मलाच ठाऊक नव्हते.

गिलाव्याच्या विभागात एक विशीतली मुलगी ओल्या गिलाव्यावरून पत्र्याचा साचा ओढत होती. एकेका फेरीबरोबर छताच्या कडेची नक्षीदार पट्टी आकाराला येत होती. कोपरापर्यंत पांढरी झालेली, कपाळावरही पांढरा ठिपका. आधी दोन वर्षे दुसऱ्या कॉलेजात मानसशास्त्र शिकून ती इकडे आली होती. “घरचे काय म्हणाले?” सौ.ने न राहवून विचारले. “आई रडली,” ती हसत म्हणाली. सौ.ला एकदम हायसे वाटले. जगभरच्या आया सारख्याच!

मग तिने मला विचारले, “सर, तुमच्याकडे जुने घर आहे का?”

आहे म्हणालो आणि सांगून बसलो. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येत होती. २००९ साली मी स्वतः उभा राहून बाहेरून चांगला जाड सिमेंटचा गिलावा करून घेतला. पाच पावसाळ्यांत भिंत आतून भुसभुशीत झाली. हात लावला की विटांचा भुगा पडे. तुळयांची भिंतीतली टोके कुजली. भाऊ म्हणू लागले, वाडा म्हातारा झाला, आता पाडावाच.

तिने एक जुनी वीट उचलून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “ही मऊ आहे. जुन्या भट्टीत विटा आजच्याइतक्या कडक भाजल्या जात नसत. चुना हिच्याहूनही मऊ. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. झीज होते ती चुन्याची. तो दर काही वर्षांनी खरवडून नवा भरायचा, वीट शाबूत राहते. तुम्ही वरून सिमेंट लावले की ओलीची वाट बंद झाली. मग ती विटेतच साठते, तिच्यातले क्षार फुलतात आणि वीट फुटते. सर, तुमचे घर म्हातारे झालेले नाही. ते कोंडले गेले आहे.”

मी वीट हातात धरून उभा राहिलो. कारण हेच मला एकाने आधी सांगितले होते. आमच्या वाड्याच्या जुन्या गवंड्याने २००९ सालीच हात जोडले होते, “अण्णा, चुन्याची भिंत आहे, शिमिट नका लावू, तिला घाम येतो.” आणि मी, पदवीधर माणूस, त्याला म्हणालो होतो, “बाबा रे, चुन्याचा जमाना गेला आता.”

लाज झाकण्यासाठी मी विषय बदलला. आमच्याकडे चुना घाणीत मळत, त्यात गूळ घालत, बेलफळाचा गर आणि हिरड्याचे पाणी घालत, असे ऐटीत सांगितले. तिचे डोळे चमकले. तिने खिशातून वही काढली आणि विचारले, “प्रमाण किती?”

प्रमाण! मला काय ठाऊक? वाड्याचा तिसऱ्या पिढीचा वारस मी. गूळ घालत एवढेच ऐकलेले. तिने वहीत ‘गूळ, बेल, हिरडा’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. “विचारून कळवतो,” म्हणालो.

संध्याकाळी गावात हिंडताना चिरंजीवांनी एका घराचे लोखंडी फाटक दाखवले. ते फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराने घडवले होते. १९१२ साली जन्मलेले सिमन्स तेराव्या वर्षी भात्यापाशी उभे राहिले. त्यांचे गुरू गुलामीत जन्मलेले होते. घोड्यांचे नाल आणि गाड्यांच्या धावा करता करता सिमन्स नक्षीकामाकडे वळले आणि त्यांनी या गावात फाटके, कठडे, जाळ्या मिळून पाचशेहून अधिक कामे उभी केली. १९८२ मध्ये त्यांना लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. ही शाळा निघावी म्हणून त्यांनीही पाठबळ दिले आणि २००९ मध्ये ते वारले.

पण सिमन्सांचे नाव तरी राहिले. पुढच्या भिंतीपाशी चिरंजीवांनी मोबाइलचा दिवा एका विटेवर धरला. विटेत चार बोटांचे ठसे होते, लहान मुलाचे असावेत इतके नाजूक. या विटा आसपासच्या मळ्यांवर गुलामांनी थापल्या आणि ओल्या विटा हाताळण्याचे काम त्यांच्या पोरांकडेही असे. ते देखणे गाव ज्यांनी बांधले त्यांना त्या घरांच्या पुढल्या दाराने आत जाण्याचीही मुभा नव्हती. सौ.ने आपली बोटे त्या ठशांत ठेवून पाहिली. बसली नाहीत, ठसे फारच लहान होते. मग आमच्यापैकी कुणी फारसे बोलले नाही.

रात्री झोप येईना. वाटले, ह्यांनी गुलामाच्या हातचे काम पुसून न टाकता त्याचे कॉलेज केले. आणि आपण? आपल्याकडे हे नव्हतेच असेही नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले, तेव्हा त्यावरची पाने-फुले आणि पशुपक्षी कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये युनेस्कोने ती इमारत जागतिक वारसा म्हणून गौरवली. आपण तिच्याखालून रोज लोकल पकडतो आणि घरी येऊन पोराला म्हणतो, “अभ्यास कर, नाहीतर…”

कागद सही न होताच परत आला. मे महिन्यात वाईला जाऊन मी त्या जुन्या गवंड्याचे घर शोधले. म्हातारा ऐंशीच्या घरात, दृष्टी अधू. नातू टेम्पो चालवतो. मी आधी २००९ सालाबद्दल माफी मागितली. म्हातारा म्हणाला, “जाऊ द्या अण्णा. तवा समदेच शिमिट लावत हुते.” मग गुळाचे प्रमाण विचारले. त्याने हवेतच बोटे एकमेकांवर घासली. “त्याला माप न्हाई. बोटाला चिकटाया लागला म्हंजी झाला.”

“पण हे लिहून कसे घ्यायचे?”

“लिवायचं कशाला? पोरगं द्या, शिकिवतो.”

पोरगे त्याचेच होते. नातवाची दिवसाची टेम्पोची कमाई भरून देण्याचे मी कबूल केले. भावांशी भांडण झाले. अखेर एका वर्षाची मुदत मिळाली. आधी पश्चिमेची भिंत; ती उभी राहिली तर पुढचे बोलू, असे ठरले. पावसाळाभर चुना पाण्यात मुरत ठेवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये काम सुरू झाले. म्हातारा ओसरीवर बसून हाताने चुना तपासायचा, नातू थापी चालवायचा. पहिल्या आठवड्यात त्याचा ओळंबा दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा आजोबांनी भिंत उतरवायला लावली. तिसऱ्या वेळी भिंत सरळ आली.

यंदाचा पावसाळा त्या भिंतीने काढला. आतून ती कोरडी आहे. वाड्याचे पुढे काय होईल हे अजून आम्हां तिघा भावांच्या हाती आहे. मुदत डिसेंबरात संपते. पण धाकटा गेल्या महिन्यात येऊन गेला आणि जाताना भिंतीवरून उगाच दोनदा हात फिरवून गेला.

चार्ल्स्टनच्या त्या मुलीला मी कळवले, की प्रमाण लिहिता येत नाही, बोटाला विचारावे लागते. तिचे उलट उत्तर आले: “मग मी यायलाच हवे.”

सगळे सांगितले, एकच राहिले. काम सुरू असताना एके दिवशी गडी आला नाही. नातू परातीवरून ओरडला, “अण्णा, माल पाहिजे!” आजूबाजूला दुसरे कुणी नव्हते. तेव्हा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी धोतराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि गवंड्याच्या हाताखाली घमेले वाहिले. वडिलांचे भाकीत खरे ठरले म्हणायचे. फक्त ते घडायला मला आधी चांगला अभ्यास करावा लागला, आणि मग अमेरिकेला जावे लागले!