नायगावचा मुक्काम : चूल, पाणी आणि मुले

खंडाळा म्हटले की मुंबईकरांना बोरघाटातला थंड हवेचा खंडाळा आठवतो. हा लेख आहे सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याविषयी. पुण्याहून निघून सारोळ्याच्या पुलावर नीरा नदी ओलांडली, शिरवळ मागे टाकले की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी हे तालुक्याचे गाव लागते. उघडे डोंगर, ज्वारीची शिवारे आणि बेताचा पाऊस, असा हा मुलूख. पण याच तालुक्यात नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म येथे झाला. त्यांचे जन्मघर जतन करून ठेवलेले असून जयंतीला दूरदूरची माणसे मुलाबाळांसह येथे येतात.

आमच्या वस्तीतील काही कुटुंबे टेम्पो ठरवून आदल्या दिवशीच निघतात. खंडाळा परिसरात ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या रानात रात्रीचा मुक्काम होतो. मुलांना याचीच जास्त मौज. परंतु लहान मुले बरोबर असली की स्वयंपाक आणि स्वच्छता यांचा हिशेब घरीच मांडावा लागतो. कारकुनी पेशामुळे हे काम नेहमी माझ्याकडे येते. तो हिशेब वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून देत आहे.

पहिला मान पाण्याचा. १९०१ साली याच सातारा जिल्ह्यात एक प्रवास घडला. दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला गोरेगावास निघाली. मसूर स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडीने जायचे होते. बरोबर शिदोरी भरपूर होती. पण वाटेत ओढ्याचे पाणी गुराढोरांच्या शेणामुताने घाण झालेले, आणि टोलनाक्यावर मागूनही पाणी मिळाले नाही. जेवण उशाशी असताना ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ही हकिकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. पाण्यावाचून अन्न व्यर्थ, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. त्या काळी पाणी बरोबर न्यावे लागे ते पाणवठे बंद म्हणून. आज न्यायचे ते मुलांच्या पोटाची काळजी म्हणून. हा फरक सहजासहजी पडलेला नाही. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद खुला केला, २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे झाले, तेव्हा कुठे तो पडला. मुक्कामाला हे मुलांना जरूर सांगावे.

पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला माणशी ५ लिटर पाणी धरावे. मोठी २० आणि मुले १२ असली तर १६० लिटर, म्हणजे २० लिटरचे ८ कॅन. विहिरीचे पाणी घेणे भाग पडले तर आधी गाळावे, मग चांगली खळखळून उकळी येऊ द्यावी. कॅनमध्ये कोणीही पेला बुडवू नये. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे.

स्वयंपाक साधाच असावा. जाताना बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. रात्री गरम मसालेभात किंवा खिचडी. खिचडीला मोठ्या माणसामागे १०० ग्रॅम तांदूळ व ५० ग्रॅम डाळ, मुलांना निम्मे. म्हणजे २ किलो ६०० ग्रॅम तांदूळ आणि १ किलो ३०० ग्रॅम डाळ. उरलेला भात सकाळी मुलांना देऊ नये. तासन् तास तसाच राहिलेला भात बाधतो, पुन्हा गरम केला तरी बाधतो. तीन दगडांची चूल गवतापासून दूर, मोकळ्या जमिनीवर मांडावी. जानेवारीत डोंगरावरचे गवत वाळलेले असते, एका ठिणगीने वणवा लागतो. निघताना चूल पाण्याने विझवून वर माती टाकावी. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात दिला की काजळी मातीसकट निघते आणि घासायला पाणी कमी लागते.

जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर प्रत्येक मुलाचे हात साबणाने धुवावेत. बायका-मुलींच्या आडोशाची सोय उजेड असतानाच करावी. विहीर-ओढ्यापासून निदान २०० फुटांवर वीतभर खोल खड्डा, भोवती ताडपत्री, जवळ मातीचा ढीग आणि खुरपे. एखाद्या मुलाला जुलाब झालेच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे, आणि दवाखान्यात न्यायला उशीर करू नये. चमचा चहाचा घ्यावा.

चूल बायकांकडे आणि गप्पा पुरुषांकडे, ही वाटणी निदान नायगावच्या वाटेवर तरी मोडावी. भांडी घासण्याची पाळी पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घ्यावी. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी मूल पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्या गेल्या. सोवळे माणसाला दूर ठेवते, स्वच्छता रोगाला दूर ठेवते. मुलांना हा भेद एका मुक्कामात कळू शकतो.

शेवटची गोष्ट कचऱ्याची. थर्माकोलच्या पत्रावळी नेऊ नयेत, प्रत्येकाने घरून आपले ताट-वाटी आणावी. आपण टाकलेली घाण दुसऱ्या दिवशी कोणाला तरी उचलावी लागते, आणि तो कोणीतरी बहुधा आपल्यातलाच असतो. म्हणून एक रिकामे पोते बरोबर असू द्यावे. टेम्पो सुटण्यापूर्वी सर्वांनी रांगेने रानातून एक फेरी मारावी आणि जमलेले पोते घरी परत आणावे. रानाचा मालक पुढच्या वर्षी पुन्हा हो म्हणतो, तो त्या पोत्यामुळेच.